शोभेची दारू आणि हातांचा इतिहास

इतिहास लिहिणारे लोक मान वर करून लिहितात. आभाळात बाण फुटला, राजा खूष झाला, परदेशी पाहुण्याने वहीत टिपून ठेवलं, झाला इतिहास. तो बाण कुणी ठासला, कशाने ठासला, ठासताना त्याची बोटं शाबूत राहिली का, हे कुठल्याच बखरीत नाही. मी शाळा मध्येच सोडलेला माणूस. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. रात्रपाळी संपवून वाचनालयात डोळे ताणून जे जमवलं ते इथे मांडतोय. पंडितांनी नाक मुरडायचं तर मुरडावं, पण आधी वाचावं.

सुरुवात हत्यारापासून करतो. कारण माणूस खोटं बोलतो, मालक तर बोलतोच बोलतो, पण हत्यार खोटं बोलत नाही. ते कुणासाठी बनवलंय हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं.

शोभेच्या दारूच्या कामात लोखंड चालत नाही. जगभर हा नियम आहे आणि फार जुना आहे. लोखंडावर लोखंड किंवा लोखंडावर खडा घासला की ठिणगी पडते, आणि इथे एक ठिणगी म्हणजे खोली खलास. म्हणून ठासणी लाकडाची, पितळेची नाहीतर ॲल्युमिनियमची. मोगरी लाकडाची. फावडी, सुपं, चाळण्या सगळ्या लोखंड टाळून केलेल्या. बाणाच्या पोटात निमुळती पोकळी राखावी लागते, त्यासाठी खाली एक टोकदार दांडी उभी असते. इंग्रज तिला जे नाव देतात तेच नाव आमच्या साच्यावरच्या चातीला आहे. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. मी पाळीभर शेकडो चात्यांपुढून चालतो. माझ्या चातीवर सूत गुंडाळलं जातं आणि त्या चातीभोवती मरण ठासलं जातं, दोन्हीकडं माणूस मात्र नगावर मोजला जातो.

दुसरा शत्रू दिसत नाही. तो म्हणजे घासणीतून अंगावर साठणारी वीज. आमच्याकडं पॉलिस्टर मिसळलेला माल लागला आणि हवा कोरडी पडली की तंतू रुळाला चिकटतात, धागे तटातट तुटतात. म्हणून गिरणीत हवेत पाणी फवारतात. उन्हाळ्यात बाहेरून येणाऱ्याला वाटतं काय गारवा आहे. अरे बाबा, तो गारवा सुतासाठी आहे, आमच्यासाठी नाही! सुताला किती ओल लागते याचा आकडा भिंतीवर टांगलेला असतो, माणसाच्या फुप्फुसाला काय लागतं याचा आकडा मी अजून कुठल्या भिंतीवर पाहिला नाही. फटाक्याच्या खोलीत ह्याच विजेने माल पेटतो. म्हणून तिथे सुती कपडे, नायलॉनची साडी नको, आणि आत शिरण्याआधी जमिनीत गाडलेल्या तांब्याच्या पट्टीला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज मातीत जाते.

बाकी नियम सांगायला सोपे. एका खोलीत चारपेक्षा जास्त माणसं नकोत. दारं बाहेर उघडणारी हवीत, म्हणजे पळणाऱ्याच्या छातीवर दार येत नाही. खोलीखोलीत अंतर. माल थोडा थोडा, साठवून नाही. हे सगळं कायद्यात आहे. नियमांची टंचाई ह्या देशात कधीच नव्हती.

आता हे नियम कुठून आले ते पाहू. पण त्याआधी मसाल्याकडं जायला पाहिजे, कारण दारूचा जीव सोऱ्यात आहे, आणि सोरा युरोपाला गेला तो बिहारातून. सतराव्या शतकापासून डच, इंग्रज, फ्रेंच सगळे पाटण्याला वखारी टाकून बसले ते ह्या पांढऱ्या मिठासाठी. ते मीठ काढणारी जात नोनिया. गुरांचे गोठे, पडक्या भिंती, वस्तीच्या कडेची मुतलेली, कुजलेली माती. कोरड्या दिवसांत तिच्यावर पांढरी बुरशीसारखी साय येते. नोनियाने ती खुरपीने खरवडायची, मातीच्या हौदात पाणी घालून झिरपवायची, ते पाणी कढईत आटवायचं. पैसा कसा मिळायचा? आगाऊ. दलाल दादनी देणार, नोनिया कर्जात बांधला जाणार, माल ठरल्या दराने घालणार. १७५७ला प्लासी झाली आणि १७५८ साली कंपनीने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ताच लिहून घेतला. म्हणजे नोनियाला दुसरा गिऱ्हाईकही उरला नाही. युरोपातल्या लढायांत तोफा धडाडल्या त्या आपल्या देशातल्या एका शूद्र जातीने मुताच्या मातीतून खरवडलेल्या मिठावर. नेपोलियनचं नाव शाळेतल्या पोराला पाठ असतं. नोनिया हा शब्द किती पोरांनी ऐकलाय?

शोभेच्या दारूवर आपल्याकडं खरं काम केलं ते पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी. १४०० ते १९०० या काळातल्या भारतातल्या आतषबाजीचा इतिहास त्यांनी लिहिला, तो १९५३ साली निघाला. माणूस कष्टाळू, त्याबद्दल वाद नाही. त्यातूनच कळतं की ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या नावावर ‘कौतुकचिंतामणी’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे आणि त्यात दारूकामाच्या कृती आहेत. गंधक आहे, कोळसा आहे, सोरा आहे, बांबूची नळी आहे. सगळं आहे, हात नाही. संस्कृतात कृती लिहिणारा स्वतः कोळसा कुटत होता असं मला कुणी पटवून द्यावं.

पेशव्यांच्या बखरीत एक गोष्ट आहे. महादजी शिंदे सवाई माधवरावाला सांगतो की कोट्याचा राजा दिवाळीत चार दिवस दारूची लंका जाळतो. मग पेशव्यालाही हौस येते आणि पर्वतीखाली तसाच खेळ होतो. रावण दारूचा, मारुती दारूचा, माकडं, राक्षस, लंकेची घरं सगळी दारूची. कल्पना करा, ती लंका उभी करायला किती हात, किती दिवस, किती बोटं लागली असतील. ज्या पुण्यात आपल्या माणसाची सावली मोजली जायची, त्या पुण्यात दारू कुटणाऱ्याचं नाव कोण मोजणार? बखरकार वर बघत होता.

नियम आले ते लंडनच्या श्रीमंतांच्या खिडक्या फुटल्यावर. त्याआधी तिथंही गल्लीबोळांत, माळ्यांवर, गरीब कुटुंबं पोराबाळांसकट फटाके वळत होती आणि जळत होती. २ ऑक्टोबर १८७४ला पहाटे रीजंट्स पार्कच्या कालव्यात बंदुकीची दारू नेणारी एक होडी पुलाखाली फुटली. तीन खलाशी मेले, पूल उडाला, आजूबाजूच्या बंगल्यांच्या काचा गेल्या. पुढच्याच वर्षी, १८७५ला, इंग्लंडात स्फोटकांचा कायदा झाला. मेजर मॅजेंडी नावाचा लष्करी अधिकारी मुख्य निरीक्षक. प्रत्येक स्फोटामागं कारण शोधायचं, अहवाल छापायचा, ही शिस्त त्याने लावली. क्लोरेट आणि गंधक एकत्र आले की ते मिश्रण घासणीनं, धक्क्यानं, कधी नुसतंच पडून पडूनही पेटतं हे अशा चौकशांतून पक्कं झालं, आणि १८९४ साली तिथे ते मिश्रण बंद केलं गेलं. आपल्याकडं १८८४चा स्फोटक कायदा त्याच धर्तीवर आला. पुढं आपल्याकडंही ते मिश्रण बंद झालं. कागद आपला अजिबात मागं नाही.

आता हौशी लोकांचं सांगतो. हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो होतो. जगात अशी माणसं आहेत जी पोटासाठी नाही, हौसेसाठी फटाके बनवतात. इंग्लंडात रॉन लँकेस्टर नावाचा एक पाद्री होता, किंबोल्टनच्या शाळेत शिकवायचा. पोरवयापासूनचा नाद. त्यातून १९६४ साली त्याने स्वतःची कंपनी काढली आणि मोठमोठ्या समारंभांची आतषबाजी केली. अमेरिकेत अशा नादिष्टांचा एक संघ १९६९पासून आहे, वर्षातून एकदा जमतात, एकमेकांची हत्यारं बघतात. आणि माल्टा म्हणून भूमध्य समुद्रात एक बेट आहे, वस्ती साधारण पाच लाख. तिथं गावागावात संताची जत्रा असते आणि त्या जत्रेची दारू गावातलेच लोक बनवतात. दिवसा कुणी सुतार, कुणी कारकून, संध्याकाळी गावाबाहेरच्या कारखान्यात. वर्षभर राबायचं आणि जत्रेच्या रात्री शेजारच्या गावापेक्षा आपलं आभाळ मोठं करायचं.

हा हौशी माणूस स्वतःची ठासणी स्वतः कातून घेतो. पितळ चांगलं बघतो. हाताला कशी बसते ते पारखतो. एका वेळी चिमूटभर माल घेतो, कारण त्याला कुणी नगावर पैसे देत नाही. हवा कोरडी वाटली, मन थाऱ्यावर नसलं, बायकोशी भांडण झालं, तर तो म्हणतो, आज नको. दाराला कुलूप लावतो आणि घरी जातो. माझ्या मते सगळ्या पितळी हत्यारांपेक्षा हे ‘आज नको’ म्हणता येणं मोठं हत्यार आहे.

पण मित्रांनो, खोटं सांगणार नाही. हौशी लोकही मरतात. ५ सप्टेंबर २०१०ला माल्टाच्या गोझो बेटावर घार्ब गावात कारखाना उडाला, सहा माणसं गेली, त्यातली बहुतेक एकाच घरातली. रसायनाला हौस आणि मजुरी यातला फरक कळत नाही. फरक नंतर पडतो. तिथं सरकारने आयोग नेमला, विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला वर बसवलं, कुठली पावडर कशाशी मिसळल्यावर काय होतं ते तपासलं. सहा माणसांसाठी देश थांबून विचार करत बसला.

बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, ५ सप्टेंबर २०१२ला, शिवकाशीजवळ मुदलीपट्टीला कारखाना उडाला. जवळजवळ ४० माणसं मेली. त्यांत आग लागल्यावर मदतीला धावलेले गाववालेही होते. इथं थोडं थांबून शिवकाशीचा इतिहास समजून घेऊ, कारण त्यात आपल्यासाठी एक कडू घोट आहे.

शिवकाशीचे कारखानदार मुख्यतः नाडार. ही जात मूळची ताडी काढणारी. दक्षिणेत त्यांना विटाळ धरत. त्रावणकोरात त्यांच्या बायांना छाती झाकायची बंदी होती; त्यासाठी दंगे झाले, आणि १८५९ साली राजाला जाहीरनामा काढून झाकायची परवानगी द्यावी लागली, तीही वरच्या जातींसारखं नेसायचं नाही ह्या अटीवर. देवळात मज्जाव. १८९७ला कमुदीच्या देवळात नाडार शिरले म्हणून रामनाडच्या राजाने खटला भरला, तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०८ला नाडार हरले. मधल्या काळात, ६ जून १८९९ला, मरवरांच्या झुंडींनी शिवकाशीवर चाल केली. शेकडो घरं जाळली. म्हणजे फटाक्यांच्या ह्या गावाने पहिली मोठी आग पाहिली ती जातीची.

त्या राखेतून ही जात उठली. आपसांत वर्गणी काढून शाळा काढल्या, पेढ्या काढल्या, १९१० साली नाडार महाजन संगम झाला. १९२२च्या सुमाराला अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे दोघे चुलतभाऊ कलकत्त्याला गेले, काही महिने राहून आगपेटी बनवायची कला शिकले आणि १९२३ला शिवकाशीत कारखाना टाकला. तो मुलूख कोरडा, पाऊस थोडा, शेती मेलेली. काड्या आणि फटाके उन्हात वाळवायला ते बरं. आमच्या गिरणीत हवा ओली ठेवतात मालासाठी, तिथं कोरडी हवी मालासाठी. माणसाचा विचार दोन्हीकडं सारखाच. त्याच सुमाराला आपल्या अंबरनाथला स्वीडिश कंपनीची विमको यंत्रावर काड्या पाडायला लागली. शिवकाशीकडं यंत्र नव्हतं, हात होते. स्वस्त, लहान, बायांचे आणि पोरांचे हात. पुढं हाताने काड्या करणाऱ्यांना अबकारीत सवलत मिळत गेली आणि हातच फायद्याचे ठरले. १९४०ला स्फोटकांचे नियम आले, परवाना सक्तीचा झाला, लढाईने परदेशी माल अडला, आणि शिवकाशीत परवान्याचे फटाका कारखाने उभे राहिले.

ह्या उठण्याबद्दल मला आदर आहे. देवळातून हाकललेली जात उद्योगाची मालक होते ही लहान गोष्ट नाही. कामराजांसारखा मुख्यमंत्रीही त्याच समाजाने दिला. पण कारखान्यात ठासायला, वात घालायला कोण बसलं? मोठ्या संख्येनं आपली माणसं. पळ्ळर, परयर, अरुंधतीयार. ज्या रामनाड जिल्ह्यात तेव्हा शिवकाशी होती त्याच जिल्ह्यात, परमकुडीला, ११ सप्टेंबर १९५७ला पळ्ळरांचा तरुण पुढारी इमॅन्युएल शेखरन याचा खून झाला. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत होते ती इथं दारूच्या खोलीत येऊन बसलेली दिसते. जिना चढलेला माणूस खालच्याला हात देईलच असं नाही. त्यानं तो द्यावा म्हणून जिन्याची रचनाच केलेली नाही.

हत्यारात जात कशी शिरते हे आपल्याला मुंबईने आधीच शिकवलंय. जुन्या धोट्यातून धागा बाहेर काढायला विणकराला तो तोंडाने ओढावा लागायचा. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण कामगारांनी अस्पृश्याला विणखात्यात पाय ठेवू दिला नाही. पगार जास्त विणखात्यात, आपली माणसं कताईत. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्यासमोर ठेवला तेव्हा पुढाऱ्यांची पंचाईत झाली. गंमत बघा, त्या तोंडाच्या धोट्याने रोग पसरतात म्हणून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने तो १९११ला बंद केला होता. लँकेशायरने १९५२ साल उजाडू दिलं. आपल्याकडं रोगाची फिकीर कुणी केली नाही, विटाळाची सगळ्यांनी केली.

शिवकाशीच्या पोरांसाठी एम. सी. मेहता सर्वोच्च न्यायालयात गेले. १० डिसेंबर १९९६चा निकाल आहे: पोराला धोक्याच्या कामावर ठेवणाऱ्या मालकाने एका पोरामागं २०,००० रुपये कल्याण निधीत भरावे. पोरं हळूहळू कमी झाली. बाया राहिल्या. ॲल्युमिनियमच्या पावडरीनं हात कोपरापर्यंत चंदेरी झालेल्या बाया. आणि खोलीत चार माणसांचा नियम? दिवाळी जवळ आली की चाराच्या आठ होतात. खोलीत मावत नाही म्हणून झाडाखाली काम चालतं. परवाना एकाच्या नावावर, खोल्या पोटभाड्याने दुसऱ्याला, तो तिसऱ्याला. १२ फेब्रुवारी २०२१ला सात्तूरजवळ अच्चनकुळमला वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हाही हीच पोटभाड्याची भानगड बाहेर आली. प्रत्येक चौकशीत तेच निघतं. जास्त माणसं, जास्त माल, घासणी. मजुरी नगावर असली की बाई हळू ठासू शकत नाही. लाकडी मोगरी दिली, पितळेची ठासणी दिली, पण दिवसाचा आकडा असा ठेवला की तिनं ती जपून वापरूच नये. मग हत्यार सुरक्षित असून काय उपयोग!

२३ ऑक्टोबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने बेरियम आणि लांब माळा बंद केल्या, कमी धुराचे हिरवे फटाके तेवढे ठेवले. दिल्लीच्या फुप्फुसांसाठी ते बरोबरच असेल. मी धुराच्या बाजूचा नाही. पण त्या निकालाने कुणाची चूल विझली हे विचारायला दिल्लीची फुप्फुसं शिवकाशीला गेली नाहीत. ‘आज नको’ म्हणायचा हक्क शेवटी कुणाला मिळाला, तर न्यायालयाला. बाईला नाही.

आणि हे सगळं तिकडं तामिळनाडूत आहे असं समजून गप्प बसू नका. धाराशिव जिल्ह्यातलं तेरखेडा आपली शिवकाशी म्हणून ओळखलं जातं, तिथंही स्फोट होतात, तिथंही बातमी आतल्या पानावर येते. ८ डिसेंबर २०२३ला पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात एक पत्र्याची शेड पेटली. आत वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनत होत्या, विनापरवाना. मेलेल्यांत बहुतेक बाया, सहा जागीच गेल्या, आणखी नंतर इस्पितळात. त्या मेणबत्त्या आपल्याही पोरांच्या वाढदिवसाला येतात. आपल्या वस्तीतल्या दुकानात बरणीत उभ्या असतात.

आपल्यातल्या ज्यांचं तेरखेड्याकडं जाणं-येणं आहे त्यांनी तिथल्या बायांशी बोलून यावं. एका खोलीत किती जणी बसतात, ठासणी कशाची आहे, दाराशी तांब्याची पट्टी आहे की नुसता खिळा, परवान्यावर नाव कुणाचं, आणि एखादी म्हणाली आज हवा बरोबर नाही, मी ठासत नाही, तर तिची त्या दिवसाची हजेरी पडते का? लिहून पाठवा. बाईचं नाव छापणार नाही. बाकी सगळं पुढच्या अंकात छापू.